खिडकीचा पडदा आणि त्याची दोरी

घराच्या कुठल्या खोलीला कापडी पडदा शोभेल, या प्रश्नाचे दुकानातले उत्तर सोपे असते. स्वयंपाकघरात फोडणीचा धूर आणि तेलाचा चिकटा, तेव्हा तिथे कापड नको. न्हाणीघरात ओल राहते, कापडाला बुरशी धरते, तिथेही नको. झोपायच्या खोलीला अस्तर लावलेला जाड पडदा, बैठकीला पातळ, पश्चिमेच्या खिडकीला दुहेरी. लखनौसारख्या शहरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, लू म्हणजे उष्ण वारा सुटतो. जानेवारीत धुके फाटून आलेले दुपारचे ऊन घरात हवेहवेसे वाटते. तिथे हा हिशेब आणखी बारकाईने करावा लागतो. तो करायलाच हवा. पण ऊन, धूळ आणि ओल यांचा विचार संपल्यावरही एक गोष्ट उरते. पडदा नजर अडवतो. कुणाची नजर, कुणावर पडणारी, आणि ती अडवायची की नाही हे ठरवणार कोण? हा नीतीचा प्रश्न आहे, धर्मांनी त्याचा नीट विचार केलेला आहे, आणि माझे म्हणणे असे की कुठल्या खोलीला पडदा लावायचा हे ठरवताना तोच आधी विचारला पाहिजे. लखनौ डोळ्यांसमोर ठेवून तो विचारणे योग्य, कारण पडदा पाळणे आणि पडद्याविरुद्ध लिहिणे या दोन्ही गोष्टी या शहराने मन लावून केल्या आहेत.

लखनौच्या चौक या जुन्या वस्तीतली घरे लखौरी, म्हणजे पातळ लहान विटांची. रस्त्याकडे भिंत, भिंतीत एक दरवाजा, त्यामागे ड्योढी म्हणजे देवडी, आणि ड्योढीला असे वळण की दार उघडे राहिले तरी जाणाऱ्या-येणाऱ्याला अंगण दिसू नये. खोल्यांची तोंडे अंगणाकडे. दालानाच्या कमानींना कापूस भरलेले जाड पडदे, एरवी चिकाचे, उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या आणि त्यांवर मारलेले पाणी. लखनौच्या मीर हसन अलींशी लग्न करून आलेल्या एका इंग्रज बाईने इथल्या सुमारे बारा वर्षांच्या वास्तव्यावर लिहिलेले पुस्तक १८३२मध्ये निघाले. जनान्याचे आतून पाहिलेले इतके समंजस वर्णन त्या काळात दुर्मीळच. आपल्याकडच्या वाड्याची मांडणी याहून फार निराळी नव्हती. दिंडी दरवाजा, चौक, ओटी, मग माजघर: बाहेरचा माणूस कुठपर्यंत यायचा हे वास्तूच सांगत असे. आता लखनौच्या गोमतीनगरात किंवा इंदिरानगरात एका इमारतीची झोपायची खोली दुसरीच्या स्वयंपाकघरासमोर येते. ड्योढी गेली, अंगण गेले; भिंत, वळण आणि अंतर मिळून जे काम करत ते आता दीड मीटर कापडावर आले आहे. यात तोटा आहे तसा मोठा लाभही आहे. जुन्या घरात कुणी किती दिसायचे हे बांधणाऱ्याने सगळ्यांसाठी एकदाच ठरवून टाकलेले होते. कापडी पडद्याला दोरी असते. तो दिवसातून चार वेळा वर-खाली करता येतो, आणि एका खोलीचा उघडा असताना दुसरीचा बंद ठेवता येतो. निवडीला जागा झाली, म्हणूनच जबाबदारीही आली.

पडदा नजरेचे काय करतो ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. चिकामागे बसलेल्याला दिवसा रस्ता दिसतो आणि रस्त्यावरच्याला आतले काही दिसत नाही. बाहेर लख्ख ऊन असते, ते चिकाच्या बांबूच्या काड्यांवरून परतून बाहेरच्याच्या डोळ्यांत शिरते, आणि आतल्या सावलीतून फटींवाटे जो थोडा उजेड येतो तो त्यात हरवून जातो. दिवेलागण झाली की बाजू उलटते. खोलीत दिवा, रस्त्यावर अंधार. त्याच फटींतून आता आतले सगळे दिसते आणि आतल्याला बाहेरचे दिसेनासे होते. चिकनकारीच्या पातळ मलमलीचे पडदे लखनौत हौसेने लावतात, त्यांचेही असेच होते: दुपारी सुरेख आडोसा, रात्री आरसपानी. झोपायच्या खोलीला नुसते पातळ कापड पुरत नाही याचे कारण हेच. पण यात मला त्याहून मोठी गोष्ट दिसते. पडदा स्वतः कुणाच्या बाजूचा नसतो. जो सावलीत आहे त्याला तो पाहण्याची सत्ता देतो आणि जो उजेडात आहे त्याला उघडा पाडतो.

सत्तेला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. नवाब आसफुद्दौलाने १७८४च्या दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून बडा इमामबाडा बांधायला घेतला. त्याच आवारात शाही बावली आहे. तिच्या दारातून येणाऱ्याचे प्रतिबिंब आतल्या पाण्यात पडते आणि आडोशाला उभ्या असलेल्याला ते दिसते, हे वाटाडे आजही पाहुण्यांना दाखवतात. न दिसता पाहणे हा तिथे राखणदाराचा अधिकार. चिकामागे बसलेल्या बेगमेलाही न दिसता पाहता येत असे, आणि पडद्याची बाजू घेणारे पुष्कळदा हाच मुद्दा पुढे करतात की ती सगळे पाहत होती, तिचे काही अडत नव्हते. हा युक्तिवाद टिकत नाही. राखणदाराला वाटले तर तो आडोसा सोडून पुढे येऊ शकत होता. तिला तसे करता येत नसे. कापड एकच, नजरेची दिशा एकच. फरक इतकाच की एकाला पडद्याबाहेर पडण्याची मुभा होती आणि दुसरीला नव्हती. म्हणून पडदा न्याय्य आहे का, हे कापडाच्या जाडीवरून किंवा आतल्याला काय दिसते यावरून ठरत नाही. दोरी आतल्या माणसाच्या हातात आहे का, यावरून ठरते.

आपल्या कायद्याने ही गोष्ट ओळखायला बराच वेळ घेतला, पण ती वाटचाल पाहण्याजोगी आहे. दुसऱ्याच्या दार-खिडकीला बाध येईल अशी समोरासमोर दारे-खिडक्या ठेवणाऱ्याला कौटिल्याने दंड सांगितला आहे. हमरस्त्याकडच्या बाजू त्याने त्यातून वगळल्या. वकिलांच्या तोंडी ईझमेंट्स अ‍ॅक्ट म्हणून असलेल्या १८८२च्या कायद्यात रूढीने मिळणाऱ्या हक्कांचे अठरावे कलम आहे. त्याखाली दिलेल्या उदाहरणांपैकी एक खिडकीचेच आहे: एखाद्या गावची रीतच अशी असेल, तर शेजाऱ्याच्या घराचा जो भाग एरवी नजरेआड असतो त्यात डोकावता येईल अशी नवी खिडकी कुणी पाडू नये. आधी हा कायदा सगळीकडे लागू नव्हता. १८९१च्या एकाच दुरुस्तीने तो मुंबई इलाख्याला आणि वायव्य प्रांत व अवधला लागू झाला, म्हणजे पुण्याच्या वाड्याला आणि लखनौच्या हवेलीला खिडकीचे हे कलम बरोबरच मिळाले. त्याआधी १८८८मध्ये अलाहाबादच्या उच्च न्यायालयापुढे गोकलप्रसाद विरुद्ध राधो हा खटला आला होता. शेजाऱ्याच्या नव्या बांधकामातून आपल्या घरातल्या बायकांच्या वावराचा भाग दिसतो, अशी तक्रार होती. अशा खाजगीपणाचा रूढीसिद्ध हक्क त्या प्रांतात आहे, हे न्यायालयाने मान्य केले. लखनौ तेव्हा अवधच्या निराळ्या न्यायव्यवस्थेखाली होते, पण मोहल्ले आणि रीत तीच.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो जोरकस आहे. १८८८मध्ये राखले ते काय? बाईचा आडोसा, की घराची अब्रू? फिर्याद घरमालकाची, हक्क घराचा, आणि त्या घरातल्या बाईला विचारण्याची कुणालाच गरज वाटली नव्हती. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि त्याची साक्ष लखनौनेच दिली आहे. १९३२च्या डिसेंबरात ‘अंगारे’ हा उर्दू संग्रह लखनौत छापला गेला. त्यात डॉक्टर रशीद जहाँ यांची ‘पर्दे के पीछे’ ही एकांकिका होती. पडद्यात राहणाऱ्या दोन बायकांचे बोलणे, एवढाच तिचा ऐवज. त्यांतली एक आपल्या दुखण्यांबद्दल, एकामागून एक आलेल्या बाळंतपणांबद्दल आणि नवऱ्याच्या हट्टाबद्दल बोलते. रशीद जहाँ लखनौच्या इझाबेला थोबर्न कॉलेजात शिकल्या होत्या आणि पुढे डॉक्टर झाल्या. पडद्यामागची शरीरे त्यांनी तपासलेली होती. १९३३च्या मार्चमध्ये संयुक्त प्रांताच्या सरकारने पुस्तकावर बंदी घातली. बंदी आली ती धार्मिक भावना दुखावल्याच्या कलमाखाली, पण त्या एकांकिकेने सांगितलेली गोष्ट साधी आणि भयंकर होती. रस्त्याकडचा पडदा कितीही जाड असो, त्या बाईला घरातल्या माणसापासून आडोसा नव्हता. तिच्या खोलीत, तिच्या अंथरुणाशी कुणी कधी यावे हे तिच्या हातात नव्हते. सगळे कापड खिडकीला लावले होते आणि दाराला आतून कडी नव्हती.

म्हणून मी घराचा पडदा आणि माणसाचा पडदा यांत भेद करतो, आणि धर्मग्रंथ वाचताना असे दिसते की हा भेद बाहेरून आणलेला नाही. कुराणातल्या सूरा नूरमध्ये परक्या घरात परवानगीवाचून आणि सलाम केल्यावाचून शिरू नका, असे सांगितले आहे. ते सगळ्यांना ठाऊक असते. त्याच सूरेत पुढे आलेली आज्ञा कमी लोकांच्या लक्षात राहते. ती घरातल्याच माणसांसाठी आहे. पहाटेच्या नमाजाआधी, दुपारी लोक कपडे सैल करून पडतात तेव्हा, आणि रात्रीच्या नमाजानंतर, अशा तीन वेळांना घरातल्या नोकरांनी आणि अजाण मुलांनीसुद्धा विचारल्याशिवाय आत येऊ नये. मुले मोठी झाली की त्यांनी नेहमीच विचारावे. आडोसा इथे खोलीला चिकटलेला नाही. तो झोपण्याच्या, कपडे बदलण्याच्या, एकटे असण्याच्या वेळेला चिकटलेला आहे, आणि घरातल्या प्रत्येकाला आहे. नजर खाली ठेवण्याची आज्ञाही त्या सूरेत आधी पुरुषांना दिलेली आहे, बायकांना त्यानंतर. बुखारींच्या हदीससंग्रहात दाराच्या भोकातून डोकावणाऱ्या माणसाची हकिगत आहे. पैगंबरांनी त्याला कडक शब्दांत सुनावले, आणि परवानगी मागण्याचा नियम नजरेसाठीच आहे हे कारणही सांगितले. ज्याच्यावर नजर पडते त्याला सावर असे सांगण्याआधी ज्याची नजर आहे त्याला आवरलेले आहे. लखनौच्या पडद्याने हा क्रम उलटा केला. सारे ओझे तिच्यावर टाकले आणि त्याला रस्ता मोकळा ठेवला.

आपल्याकडेही असेच आहे. पंढरपूरच्या मंदिरात विठोबाला शेजघर आहे. शेजारती झाली की देव झोपला, पहाटे काकडा होईपर्यंत दर्शन बंद. कित्येक देवळांत नैवेद्याच्या वेळी गाभाऱ्याचा पडदा ओढतात. देव जेवत असताना त्याच्याकडे टक लावून बघायचे नसते. आषाढी-कार्तिकीला देवाचा पलंग काढतात आणि रात्रंदिवस दर्शन चालू राहते, म्हणजे लेकरे आली म्हणून देव आपली झोप सोडतो, अशी त्यामागची भावना. ही भावना मला फार मोलाची वाटते. झोप आणि जेवण यांना आडोसा लागतो हे लोकांनी देवाच्याही बाबतीत धरून ठेवले, आणि तो आडोसा सोडायचा तर देवाच्या राजीखुशीने सुटतो असे मानले. जे देवाला दिले ते घरातल्या सुनेला, म्हाताऱ्या सासऱ्याला, कामाला राहिलेल्या मुलीला नाकारायचे कुठल्या न्यायाने?

यावर भाविक माणूस विचारेल की देवाला सगळे दिसते, मग लपवायचे कशाला? ज्याने काही वाईट केले नाही त्याला पडदा कशासाठी? पहिल्याचे उत्तर वर आलेच आहे. देव सर्वसाक्षी आहे हे ज्या ग्रंथांनी सर्वांत ठामपणे सांगितले त्यांनीच माणसाला दारावर थांबायला लावले. म्हणजे देवाला दिसते या कारणावरून शेजाऱ्याला बघण्याचा हक्क मिळतो, असे त्यांनी कधी मानले नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर उत्तर प्रदेशातल्याच एका माणसाच्या नावावर आहे. खडकसिंगला दरोड्याच्या आरोपावरून पकडले होते, पुरावा नाही म्हणून सोडले, आणि तरीही पोलिसांच्या दप्तरात त्याचे नाव राहिले. चौकीदार आणि शिपाई रात्री-अपरात्री त्याच्या घरी येऊन दार ठोठावत, त्याला झोपेतून उठवत. १९६२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या या भेटी घटनाबाह्य ठरवल्या. मात्र खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे म्हणायला बहुमत तयार झाले नाही. ते २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमुखाने म्हटले. त्या पीठावरचे नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात गृह्यसूत्रे, कौटिल्याचे अर्थशास्त्र यांचे दाखले दिले आणि अलाहाबादच्या जुन्या खिडकीच्या खटल्यांचीही आठवण काढली. त्या खटल्यांमध्ये १९३५चा निहालचंद विरुद्ध भगवान देई हा निकाल मला सर्वांत पुढचा वाटतो. रूढीतून आलेला खाजगीपणा वेगळा आणि माणसाच्या स्वाभाविक लज्जेतून आलेला वेगळा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. दुसरा कुठल्या जातीचा, धर्माचा, वर्णाचा नाही, तो माणसाचा जन्मसिद्ध हक्क आहे. १८८८मध्ये हक्क घराचा होता. १९३५मध्ये तो माणसापर्यंत पोचला.

याहून अवघड आक्षेप पडद्याविरुद्ध लढणाऱ्यांचा आहे. चार भिंतींच्या खाजगीपणाखाली मारहाण झाकली जाते, तेव्हा पडदे जितके कमी तितके बरे, असे ते म्हणतात. ही भीती खरी आहे. पण जे झाकले जाते ते घराच्या पडद्याने झाकले जाते, आणि त्यावरचा उपाय माणसाचा पडदा काढून घेणे हा नाही. २००५चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा घराच्या आत शिरतो तो आतल्या बाईच्या बाजूने, तिला त्याच घरात सुरक्षित राहता यावे म्हणून. २०१३मध्ये दंडसंहितेत चोरून पाहण्याचा स्वतंत्र गुन्हा आला, तेव्हाही कायद्याने खोल्यांची यादी दिली नाही. बाईला कुणी पाहणार नाही अशी अपेक्षा ठेवता येते अशा ठिकाणी ती काय करत आहे, यावर बोट ठेवले. सूरा नूरमधल्या तीन वेळांशी याचे नाते जुळते.

आणि ज्या बायका पडदा स्वखुशीने पाळतात त्यांचे काय? लखनौत मोहरमच्या मजलिशी बायकांच्या वेगळ्या भरतात, तिथे प्रवचन करणाऱ्या जाकिराही बायकाच असतात, आणि त्या आडोशात बायकांना जो मोकळा अवकाश मिळतो तो बाहेर मिळत नाही, असे त्या सांगतात. त्यांच्यावर अविश्वास दाखवण्याचा अधिकार मला नाही. स्वेच्छेची खूण एवढीच की पडदा बाजूला करायचा झाला तर करता यावा. गायिका बेगम अख्तर यांनी १९४५मध्ये लखनौचे बॅरिस्टर इश्तियाक अहमद अब्बासी यांच्याशी लग्न केले आणि गाणे थांबले. प्रकृती ढासळली. १९४९मध्ये लखनौच्याच आकाशवाणी केंद्रावर त्या पुन्हा गायल्या. पुढे त्यांनी ज्या संगीतसंस्थेत शिकवले ती १९२६मध्ये विष्णु नारायण भातखंडे यांच्या खटपटीतून उभी राहिली होती, आणि कैसरबागेतली तिची वास्तू म्हणजे वाजिदअली शाहचा परीखाना, जिथे मुली नवाबासाठी नाच-गाणे शिकत. त्याच भिंतींच्या आत आता कुणाच्याही मुलीला नाव घालून शिकता येते. एका मराठी पंडिताच्या कामाचे हे फळ संगीताच्या इतिहासात नोंदले जाते. पडद्याच्या इतिहासातही नोंदले जावे असे मला वाटते.

शेवटचा आक्षेप गरिबीचा. दोन खोल्यांत सहा माणसे राहतात तिथे कुठल्या खोलीला पडदा, हा प्रश्न सुखवस्तूंचा नाही का? मला तो तिथेच सर्वांत निकडीचा वाटतो. मोठ्या घरात आडोसा आपोआप मिळतो. लहान घरात तो ठरवून द्यावा लागतो: खोलीच्या मधोमध तारेवर ओढलेली एक चादर, आणि अभ्यासाला बसलेल्या मुलीच्या किंवा अंग पुसणाऱ्या आजीच्या वेळी ती ओढलेली असेल एवढा घरचा रिवाज.

तेव्हा माझा निवाडा असा. पहिला पडदा झोपायच्या खोलीला, अस्तराचा, कारण रात्री दिवा आत असतो. पण त्याहीआधी घरात जो स्वतःला सावरू शकत नाही त्याच्या खिडकीला: आजारी माणूस, बाळंतीण, अंथरुणाला खिळलेले म्हातारे. न्हाणीघरात कापड टिकत नाही, तिथे अपारदर्शक काच लावा, पण तिथली फट बुजल्याशिवाय बैठकीच्या पडद्यांची खरेदी करू नका. बैठकीला पातळ कापड पुरे. तिथे घर जगासमोर बसते. आणि घरात राहून काम करणारी मुलगी ज्या कोपऱ्यात झोपते त्याचेही माप घ्या. तिच्यासाठी पडदा लावायचे बहुतेक घरांत कुणाला सुचत नाही. दोरी ज्याची खोली त्याला पलंगावरून पोचेल अशी ठेवा, तान्ही मुले असतील तर लोंबती दोरी नको, ती गळ्यात अडकू शकते. खोलीच्या दाराला आतून कडी बसवा, आणि पडदा ओढलेला असेल तेव्हा घरच्यांनीही बाहेरून हाक मारून थांबावे.